तुटक्या टोकाचा बाण

हे माझ्या घरात घडलंय. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. मी डॉक्टर आहे. मूळची नागपूरची. डब्लिनच्या जवळ नास म्हणून गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलमध्ये मी तेव्हा नोकरी करत होते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

'नव्हता' असं लिहावं लागतंय, याचाच मला राग येतो.

हो, राग. या पेजवर सगळे घाबरून लिहितात. मी संतापून लिहितेय. खाली ज्यांना 'मॅडम, झोप घ्या' अशी कमेंट टाकायची असेल त्यांनी खुशाल टाका. तुमची सात वर्षांची पोरगी बरगडीवर हात दाबून बसली असती, तर बघितलं असतं तुमचं डोकं किती थंड राहतं ते.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. संध्याकाळची वेळ, पोरांच्या होमवर्कची. इथे हिवाळ्यात तेव्हाच काळोख होतो, एवढंच.

आणि सुरुवात झाली माझ्या नवऱ्याच्या दगडांपासून.

संग्राम सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरूनच काम करतो. लोकांना गोल्फचं वेड लागतं, क्रिकेटचं लागतं, याला दगडांचं लागलं. आमच्या तिथल्या घरापासून गाडीने थोडं लांब एक ओढा आहे. पाऊस जास्त झाला की फुगतो, आणि उतरला की मधोमध गोट्यांचे मोठे पट्टे उघडे पडतात. रविवारी हा गुडघ्यापर्यंतचे बूट घालून त्या पट्ट्यांवर मान खाली घालून फिरायचा. पूर्वीच्या माणसांनी दगडाचे बाण केलेले असतात, त्यांची टोकं शोधायला.

घरी यायचा तो खिसे भरून. सगळे साधे दगड! मी फेकायचे, हा परत आणायचा.

मग एक दिवस त्याला खरंच सापडलं.

अंगठ्याएवढं. पानाच्या आकाराचं. संग्रामने मला खिडकीपाशी नेऊन लहान मुलासारखं दाखवलं. "शर्वाणी, हे बघ. दोन्ही बाजूंनी बारीक बारीक कपच्या काढल्यात. पाण्यात घासून दगड गुळगुळीत होतो, त्याला अशी धार येत नाही. आणि हे बूड बघ, पातळ केलंय, काठीत बसवायला."

उजेडात धरलं की त्या दगडाची कड चहासारखी तपकिरी दिसायची. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

फक्त टोक नव्हतं. तुटलेलं.

मुक्ताच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, वर्गात एक मैत्रीण होती. तिची आई क्लोडा. ती पुरातत्त्ववाली आहे, जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करते. पोरीला न्यायला आली तेव्हा संग्रामने तिला चहाला बसवलं आणि दगड पुढे केला. तिने पर्समधून छोटं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"हा खरा आहे," ती म्हणाली. "पाच हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो."

संग्राम खुर्चीवरून उठलाच.

मग तिने तो फिरवून तुटलेली बाजू बघितली. आणि तिचा चेहरा बदलला.

"हातातून पडून मोडला असता तर आडवा मोडला असता. इथे बघ. कपची टोकाकडून मागे उडाली आहे. समोरून हाडावर आदळलं की असं होतं." तिने दगड टेबलावर ठेवला. "हा नेम चुकला नव्हता. टोक आतच राहिलं."

कुणाच्या आत, ते तिने सांगितलं नाही. जनावर असेल. माणूसही असेल.

जाताना म्हणाली, "म्युझियमला लगेच कळवा. कायदा आहे. आणि कळवेपर्यंत... बाहेर शेडमध्ये ठेवा. आमच्याकडची जुनी माणसं असले दगड घरात घेत नाहीत." मग स्वतःच हसली. "मी असं म्हणाले हे माझ्या ऑफिसात सांगू नका हं."

"उद्याच कळवतो," संग्राम म्हणाला.

दोन दिवसांनी मी विचारलं. "कळवलं. पाठवला सुद्धा," म्हणाला. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला.

खोटं!

कळवलं तर तज्ज्ञ लोक ओढ्यावर येतील, पट्टा बंद करतील आणि याचे रविवार बुडतील, एवढंच कारण. माझ्या पोरीच्या जिवाशी जे झालं ते या माणसाचे रविवार बुडू नयेत म्हणून झालं. आजही हे लिहिताना माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पण तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

मला दिसलं ते एवढंच... की मुक्ताचं दुखायला लागलं.

डावीकडे, शेवटच्या बरगड्यांपाशी. शाळेतून आली की हात तिथे. जेवताना हात तिथे. ताप नाही, उलटी नाही. पोट मऊ. खोकला नाही. मी तिला दहा वेळा तपासलं. मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, तेही अस्सल आयरिश.

"आय'म ग्रँड, मम्मा."

म्हणजे मी ठीक आहे. पण हात काही काढेना.

मग आवाज.

पहिल्यांदा मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. खाली किचनमधून आवाज आला. कर्र... कर्र... ओल्या खडीवरून कुणीतरी चालल्यासारखा. सावकाश. थांबत थांबत.

मला वाटलं संग्राम दगड धुतोय.

खाली आले. किचनमध्ये कुणी नाही. आमच्या किचनच्या जमिनीला साधं गुळगुळीत लिनो, म्हणजे प्लास्टिकसारखं आच्छादन होतं, वाळूचा एक कण नाही.

आणि किचन इतकं शांत का वाटतंय ते मला क्षणभर कळेना... मग कळलं. फ्रिजची घरघर बंद होती. उघडून बघितला. आतला दिवा चालू, पण आवाज नाही.

मी दार लावलं, तशी घरघर परत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. कर्र... कर्र... आणि तो आवाज चालू असेपर्यंत फ्रिज गप्प.

घरासमोर मोठी झाडं होती. रोज संध्याकाळी त्यांच्यावर कावळे नुसता गोंधळ घालायचे. त्या आठवड्यात एकही कावळा बसला नाही.

माझ्या सासूबाई, वासंती त्यांचं नाव, तेव्हा कराडहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला आवाज येतो का हो?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतोय की. येऊ दे. घरातलाच हाय त्यो."

मला वाटलं, लाकडी घराबद्दल बोलतायत. इथली घरं थंडीत कुरकुरतात. मी सोडून दिलं.

आणि मग एका संध्याकाळी मुक्ता होमवर्क करता करता अगदी सहज म्हणाली...

"मम्मा, युअर मॅन इज इन द प्रेस अगेन."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आणि 'युअर मॅन' म्हणजे तुझा माणूस नव्हे. 'तो', 'तो बाबा', ज्याचं नाव माहीत नाही असा कुणीही.

तो परत कपाटात आहे.

"कोण तो?"

तिने खांदे उडवले. पेन्सिल चालूच.

"काय पाहिजे त्याला?"

"ही सेज आय हॅव हिज बिट." माझ्याकडे त्याचा तुकडा आहे, म्हणतो.

आणि डावा हात बरगडीवर.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्त नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. एक्स-रे काढला. मी स्क्रीनसमोर उभी होते.

डावीकडच्या खालच्या बरगडीला चिकटून एक छोटा पांढरा त्रिकोण होता. टोकदार.

मी इतकी वर्षं एक्स-रे बघतेय. असा आकार हाडाचा नसतो.

लगेच दुसरा काढला. त्यात काहीच नाही. तिसरा काढला. काहीच नाही. सहकारी म्हणाला, "पहिल्या वेळी कपड्यावर काहीतरी असेल." कपड्यावर! पोरीच्या अंगात हॉस्पिटलचा गाऊन होता. त्याला मागे बांधायची नाडी असते, बटण नसतं. मी स्वतः बांधली होती ती नाडी.

गाडी चालवताना माझ्या डोळ्यांसमोर तो त्रिकोण होता. तो आकार मी आधी पाहिला होता. पाहिला म्हणजे... जिथे तो नव्हता, ती रिकामी जागा पाहिली होती.

घरात शिरले ती ओरडतच.

"संग्राम! तो बाण कुठे आहे?"

"पाठवला ना," लॅपटॉपमधून मान न काढता.

मागून मुक्ता बूट काढत म्हणाली, "नो, इट्स इन द प्रेस. आजी गिव्ह्ज इट अ बाथ."

आजी त्याला आंघोळ घालते.

किचनमधल्या एका प्रेसमध्ये आमचं देवघर होतं. मी सकाळी सातला घर सोडायचे, पूजा सासूबाई करायच्या. मी दार उघडलं.

देवांच्या बाजूला, चांदीच्या टाकांच्या ओळीत, तो बसला होता. शेंदूर फासलेला. वर फूल. पुढे वाटीत खीर.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"हे काय आहे?"

सासूबाई घाबरल्या. पण बोलल्या. "संग्रामनं सांगितलं, ह्यो कुणाला तरी लागलाय. ज्याला लागला त्यो मेलाच आसंल की गं. एवढ्या वर्सांत त्याचं कुणी काय केलं न्हाय. आमच्यात लढाईत पडलेला वीर देवात बसवत्यात. म्हटलं, ह्याला बी जागा देऊ. बोलवून बसवला. त्याचं तीर्थ पोरीला देते रोज, तिला बळ मिळंल म्हणून."

तीर्थ. त्या दगडावरून ओतलेलं पाणी. रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी, माझ्या मुलीच्या घशात.

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं, आई?"

"संग्राम म्हणला, तुला ठावं हाय. चालतंय म्हणला."

मी त्याच्याकडे वळले. तो उभा होता, चोरासारखा.

"अगं, मला वाटलं आईचं मन रमतंय, तर..."

"तुला वाटलं! मला सांगतोस पाठवला, त्यांना सांगतोस मला माहितीये! आणि आई, तुम्ही तरी विचार करायचा. मेलेल्या माणसाला जागा द्यायची म्हणता, पण हा दगड मेलेल्याचा आहे का? हा मारणाऱ्याचा दगड आहे! बोलावलंत कुणाला तुम्ही?"

सासूबाईंनी चमकून दगडाकडे बघितलं. हा विचार त्यांच्या मनातच आला नव्हता.

आणि तेव्हाच...

फ्रिज थांबला.

कर्र...

आवाज प्रेसच्या आतून आला. अगदी माझ्या कोपरापाशी. मग खाली, लिनोवर. कर्र... कर्र... माझ्या शेजारून गेला. ओढ्याच्या पाण्याचा वास आला, गार, शेवाळी. दिसलं काहीच नाही. आम्ही तिघंही आवाजाकडे बघत होतो आणि आवाज सरकत होता.

मुक्ताच्या दिशेने.

ती दाराशी एक बूट हातात घेऊन उभी होती. घाबरली नव्हती. हीच गोष्ट मला अजून सहन होत नाही, की ती घाबरली नव्हती. तिने स्वतःहून हात बाजूला घेतला. डॉक्टरला दाखवताना घेतात तसा.

तिच्या स्वेटरवर, डाव्या बाजूला, खड्डा पडला.

कुणीतरी बोट दाबल्यासारखा. मग थोडा खाली. मग बाजूला. चाचपत. शोधत.

"आउच," मुक्ता म्हणाली.

मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. मी किंचाळले. "हात काढ! हात काढ आधी! माझी पोरगी आहे ती! तुझा तुकडाबिकडा काही नाही तिच्यात!" मराठीत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या कुणावर तरी मी मराठीत खेकसत होते.

स्वेटर सरळ झाला.

मी पोरीला उचललं, देवघरातला दगड टॉवेलमध्ये गुंडाळला आणि गाडीची चावी संग्रामच्या अंगावर फेकली. "जिथून आणलास तिथे. आत्ता."

म्युझियमला द्यायला हवा होता, माहितीये मला. कायदा माहितीये. पण त्या क्षणी तो दगड मला आणखी एक रात्र घरात नको होता. कायद्याचं काय ते संग्रामला विचारा.

सासूबाई म्हणाल्या, "तसंच फेकू नगं पोरी. बोलवून आणलाय, नीट लावून द्याय पायजे. न्हायतर जायचा न्हाय." मला त्यांचंही डोकं फोडावंसं वाटत होतं. पण त्या खरं बोलत असतील तर? मी म्हटलं, घ्या काय ते. त्यांनी फ्रिजमधून दह्याची वाटी घेतली, अक्षता घेतल्या.

ओढ्यावर पूर्ण अंधार. मोबाइलच्या उजेडात आम्ही गोट्यांच्या पट्ट्यावर उतरलो. मुक्ता माझ्या कडेवर, हात बरगडीवर.

सासूबाईंनी दगडाला दही लावलं. अक्षता वाहिल्या. हाताने जरासा हलवला, मूर्ती जागेवरून हलवतात तसा. मग संग्रामने वाकून तो पाण्यात सोडला.

थोडा वेळ काही नाही.

मग... कर्र.

आमच्या मागून आला. आमच्या जवळून पुढे गेला. पट्ट्यावरून, पाण्याच्या दिशेने. उजेडात गोटे एकेक करून दबताना दिसत होते. कर्र... कर्र... लांब... आणखी लांब...

तो जात होता.

माझ्या कडेवर मुक्ताने मोठा श्वास घेतला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरगडीवरचा हात काढून माझ्या गळ्यात टाकला.

मला रडू फुटलं.

शेजारी सासूबाई हात जोडून, डोळे मिटून पुटपुटत होत्या. जन्मभर गणपती बोळवलेली बाई. जन्मभराची सवय. शेवटी नेहमी म्हणतात तेच म्हणाल्या...

"पुनरागमनाय च."

परत येण्यासाठी जा.

आवाज थांबला.

पाण्याच्या कडेला, तिथल्या तिथे.

"आई!" मी ओरडले.

त्यांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. पण शब्द तोंडातून गेला होता.

ओढ्याचाही आवाज येत नव्हता तेव्हा. वाहतं पाणी डोळ्यांना दिसत होतं, कानाला नाही. कुणीतरी ऐकून घेत होतं.

मग एकदम पाणी खळखळायला लागलं. बाकी काही नाही.

मुक्ताचं दुखणं त्या दिवसापासून गेलं. फ्रिज नीट चालायला लागला. कावळे दुसऱ्याच संध्याकाळी झाडांवर आले. संग्राम रोज माफी मागायचा आणि मी रोज त्याच्यावर उखडायचे. सासूबाई मार्चमध्ये परत गेल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला, पण मनातून नाही, हे कबूल करते.

उन्हाळ्यात मी गॉलवेला नोकरी घेतली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. नवीन घर, नवीन शाळा. संग्राम म्हणाला, एवढं कशाला? मी म्हटलं, तू तोंड उघडू नकोस. परत यायचं असेल तर येऊ दे त्याला त्या नासच्या घरात. आम्ही तिथे नाही. मला वाटलं, मी जिंकले.

परवा सासूबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, "फेब्रुवारी आला गं. वरीस झालं. पोरीला जप."

मी म्हटलं, "आई, ते घर सोडलं आपण. त्याला इथला पत्ता कुठून मिळणार?"

पलीकडे त्यांनी नाक ओढलं.

"आई?"

"घराचं न्हाय गं..." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "पूजेला बसलं की आपण कुठं बसलोय ते सांगाय लागतं. कुठली नदी, कुठला काठ, कुठलं गाव. मला तितलं काय ठावं? नावं बी येत न्हाईत. मग जागा म्हणून काय सांगू त्याला? म्हणून तवा बोलवताना मी म्हटलं..."

"काय म्हटलंत, आई?"

"म्हटलं, माझी मुक्ता जिथं आसंल तिथं ये."

मी फोन ठेवला. ओरडले नाही. ओरडायला पहिल्यांदाच काही सुचलं नाही.

मुक्ता समोर बसून चित्र काढतेय. मी तिच्या शेजारी बसून हे लिहितेय. तिचा उजवा हात कागदावर आहे, डावा मांडीवर.

त्या डाव्या हातावरून माझी नजर हटत नाहीये.